फुल टाकी

"ऑईल कमी टाकलं आणि वरून गाडी ताणली. इंजिन सीझ होणारच ना? मित्रांनो, यातून शिका."

परेशचा हा व्हॉइस मेसेज टू-स्ट्रोक क्लबच्या ग्रुपवर आला, तेव्हा रॉकी गुडघ्याचं ऑपरेशन होऊन हॉस्पिटलात पडला होता. विमानांच्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतीत, पूर्ण वेगात असताना त्याच्या जुन्या टू-स्ट्रोकचं इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि गाडी त्याला घेऊन घसरत गेली. मनवेलपाड्यात परेशचं गॅरेज होतं. वसई-विरारमध्ये अशा गाड्यांचा वेग वाढवून देण्यात त्याचं नाव होतं. त्याने तिथेच धावपट्टीच्या कडेला सिलिंडर उघडून पाहिला, पिस्टनवरच्या रेघा पाहिल्या आणि निकाल देऊन टाकला.

रॉकीच्या गावात, भुईगावात, सगळ्यांनी तो मानला. रॉकीनेही मानला.

मानला नाही तो फक्त त्याच्या बहिणीने. ग्लोरिया रॉकीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, वालीवच्या एका रंगाच्या कारखान्यात लॅब सांभाळायची. वडिलांनी दोघांनाही याच गाडीवर शिकवलं होतं. पेट्रोलमध्ये ऑईल मोजून मिसळताना रॉकी किती काटेकोरपणा करतो, हे ती लहानपणापासून बघत आली होती. मोजपात्र डोळ्यांसमोर धरून तो दोनदा बघायचा, मग तिला दाखवायचा.

टेम्पोतून गाडी घरी आली त्याच दिवशी ग्लोरियाने टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये वाफ ओढून घेणाऱ्या पंख्याखाली त्यातलं पेट्रोल उडू दिलं आणि मागे राहिलेल्या ऑईलचं वजन केलं. प्रमाण अगदी हवं तसं होतं.

रॉकी कुबड्या घेऊन घरी आल्यावर तिने त्याला हे सांगितलं. तो खिडकीबाहेर केळीकडे बघत राहिला.

"मग मी जास्त ताणली असेल," तो म्हणाला.

"शर्यतीत गाडी ताणायची नाही तर काय चालत न्यायची?"

"ग्लोरी, सोड ना. बॅप्टिस्ट अंकल भंगारवाला पाठवतायत."

बॅप्टिस्ट अंकल म्हणजे त्यांचे काका. वाडीच्या पलीकडेच राहायचे. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर ते भंगारवाल्याला घेऊन खरंच आले. आई, मेरी, ओट्यावर उभी होती. "घेऊन जाऊ दे गं बाय," ती म्हणाली. "दररोज डोळ्यांसमोर नको ती गाडी."

ग्लोरिया शेडच्या दारात जाऊन उभी राहिली.

"गाडी कुठेही जाणार नाही," ती म्हणाली.

"पोराचा पाय गेला असता, तरी तुझं हेच?" काकांचा आवाज चढला. "चूक केली त्याने, संपलं."

"काय चूक केली ते मला दाखवा, अंकल. मी स्वतः उचलून टेम्पोत ठेवते."

भंगारवाल्याने दोघांकडे पाहिलं आणि टेम्पो वळवला. काका रागाने निघून गेले ते बरेच दिवस घरी आले नाहीत.

मग ग्लोरियाने सुट्टीच्या दिवशी शेडमध्येच काम सुरू केलं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबरच ऑईल आत जातं. म्हणजे पेट्रोल कमी पडलं की ऑईलही कमी पडतं, इंजिन भाजतं आणि पिस्टनवर त्याच रेघा उठतात. परेशने रेघा बरोबर पाहिल्या होत्या. पण त्या कशामुळे उठल्या, ते त्याने तपासलं नव्हतं. स्पार्क प्लगही पांढराफटक पडला होता. इंजिन तहानलेलं होतं, एवढं नक्की.

तिने टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटर खोलला. पेट्रोल सोडणारं बारीक जेट स्वच्छ. कार्ब्युरेटरची वाटी, तिच्यातला फ्लोट, सुई, सगळं ठीक. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला, जाळी पाहिली, नळी फुंकून पाहिली. कुठे काही नाही. शेवटी टाकीत थोडं पेट्रोल ओतलं, नळीचं टोक बाटलीत सोडलं आणि कॉक उघडला. धार जोरात, एकसारखी आली.

तिने पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

ती वैतागून घरात आली. रॉकी व्यायामाचा पट्टा पायाला बांधून बसला होता.

"त्या दिवशीचं सगळं सांग मला. सकाळपासून."

"कशाला?"

"सांग म्हणते ना."

तो कंटाळत सांगू लागला. सकाळचे दोन्ही रन मस्त झाले. वजन नको म्हणून टाकीत जेमतेम पेट्रोल होतं. दुपारी लांबचा रन होता, पुन्हा पुन्हा ओतायला नको म्हणून कॅनमधलं सगळं टाकीत ओतलं. "फुल केली. मग सुटलो. निम्म्यात गाडीचा दम गेल्यासारखा वाटला, आणि मग..."

"फुल केली होतीस?"

"हो. का?"

ग्लोरिया उत्तर न देताच बाहेर पळाली. मागून कुबड्यांचा आवाज येत होता. तिने टाकी गळ्यापर्यंत भरली, झाकण घट्ट लावलं, नळी बाटलीत सोडली आणि कॉक उघडला.

धार सुरू झाली. मग बारीक झाली. मग थेंब थेंब. मग थांबली.

दोघं बघत राहिले. टाकी काठोकाठ भरलेली आणि नळी कोरडी. ग्लोरियाने झाकण सैल केलं. हवा आत ओढली गेल्याचा आवाज झाला आणि नळीतून पुन्हा जोरात धार लागली.

"टाकीला श्वासच घेता येत नाहीये," ती म्हणाली. "पेट्रोल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला हवी. टाकी रिकामी असली की आत हवा भरपूर, थोडा वेळ चालून जातं. फुल असली की लगेच अडतं."

तिने झाकण उलटं करून उजेडात धरलं. हवेसाठी असलेलं बारीक भोक दिसत नव्हतं. त्यावर काळा रंग आणि वरून लॅकरचा जाड, चकचकीत थर बसला होता. रंगाची पारख तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

भोक मोकळं करायला रॉकीने खिशातून पिन काढली.

"हात लावू नकोस!" ती ओरडली. "रंग कोणी केला?"

"परेशच्या गॅरेजमध्ये. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात." तो शेडमधल्या स्टुलावर बसला. मग म्हणाला, "मी रोज तेच आठवत होतो, ग्लोरी. मोजपात्र नीट धरलं होतं का. रोज."

पुढच्या रविवारी सकाळी क्लबची मुलं नेहमीसारखी परेशच्या गॅरेजसमोर जमली होती. ग्लोरिया आणि रॉकी रिक्षातून उतरले. मागून टेम्पोत गाडी. परेशने हसून रॉकीच्या खांद्यावर हात ठेवला. "काय हिरो, कसा आहेस?"

"टाकी भरलेली आहे," ग्लोरिया म्हणाली. "नळी काढ आणि कॉक उघड. तुझ्या हाताने."

परेशला वाटलं थट्टा आहे. पण मुलं भोवती जमली, म्हणून त्याने नळी काढली. धार आली, बारीक झाली, थांबली. ग्लोरियाने झाकण सैल केलं तशी पुन्हा आली. मग तिने झाकण उलटं करून त्याच्या हातात दिलं. परेशने अंगठ्याने भोकाची जागा चाचपली. त्याला धंदा येत होता. काय झालंय हे त्याला सांगावं लागलं नाही.

"हे नंतर पण झालेलं असू शकतं," तो म्हणाला.

"लॅकर तुझं आहे. गाडी शर्यतीपासून आमच्या शेडमध्ये आहे."

"ओके. रंगवणाऱ्या पोराकडून राहिलं असेल. काय पाहिजे तुला, सॉरी?"

"नाही. जिथे तो मेसेज टाकलास, तिथेच खरं काय ते टाक."

परेशने आवाज खाली आणला. "ग्लोरिया, माझा धंदा आहे हा. समज ना."

"त्याचा गुडघा आहे तो."

परेशने झाकण परत तिच्या हातात दिलं. तेव्हा रॉकी, जो इतका वेळ कुबडीवर रेलून उभा होता, पुढे आला. त्याने मोबाइल काढला, ग्रुप उघडला आणि सगळ्यांसमोर बोलू लागला.

"मी रॉकी बोलतोय. मी ऑईल बरोबर टाकलं होतं. टाकीच्या झाकणाचं भोक रंगाने बंद झालं होतं. टाकी फुल असली की पेट्रोल उतरत नव्हतं. आत्ता परेशच्याच गॅरेजमध्ये, परेशच्याच हाताने बघितलं. सगळ्यांनी आपापली झाकणं तपासा. आणि माझ्याबद्दल जे सांगितलं गेलं, ते खोटं होतं."

त्याने मेसेज पाठवला. आजूबाजूच्या खिशांतले फोन एकापाठोपाठ वाजले. संध्याकाळपर्यंत परेशने त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. पण तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि दोघा-तिघांनी आपल्या टाकीची झाकणं उघडून त्यांवरच्या भोकांचे फोटो रॉकीला पाठवले.

पावसाळा सरल्यावर धावपट्टीवर पुन्हा शर्यत होती. रॉकीचा गुडघा अजून तयार नव्हता. ग्लोरियाने स्वतःचं नाव दिलं. मेरी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. निघायच्या सकाळी मात्र तिने हेल्मेट पदराने पुसून हातात दिलं आणि म्हणाली, "कोनाला काय दाखवायचं ते दाखव, पन घरी ये."

नवा पिस्टन नीट बसला होता, झाकणाचं भोक मोकळं केलं होतं. स्टार्टच्या रांगेत सगळे टाकीतून पेट्रोल काढून गाडी हलकी करत होते. रॉकीने कॅन उचलला आणि त्यांच्यासमोर टाकी गळ्यापर्यंत भरली.

"वेडी आहेस का?" शेजारचा रायडर ग्लोरियाला म्हणाला. "एवढं वजन घेऊन हरशील."

"हरेन," ती म्हणाली. "पण गाडी शेवटपर्यंत जाईल."

झेंडा पडला. पुढच्या गाड्या सुटल्या, ती मागे पडली. तिने थ्रॉटल पूर्ण पिळला आणि तसाच धरून ठेवला. जिथे रॉकी पडला होता ती जागा आली. तिचा हात ढिला पडला नाही. इंजिनाचा आवाज तीक्ष्ण, एकसारखा चढत राहिला. ती चौथी आली.

रॉकी लंगडत पोहोचला. त्याने गरम प्लग फडक्यात धरून काढला. रंग कॉफीसारखा तपकिरी, हवा तसा. आयोजकांच्या मंडपात परेश उभा होता. रॉकी सरळ त्याच्याकडे गेला आणि प्लग त्याच्यासमोर धरला.

परेशने प्लगकडे पाहिलं. आजूबाजूला क्लबची मुलं होती.

"बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. आणि पुढे, "ऑईलही बरोबर होतं तुझं."

"मोठ्याने," ग्लोरिया मागून म्हणाली.

परेशने तिच्याकडे पाहिलं, आणि मोठ्याने सांगितलं.