आवडीच्या चामखिळी

तुडीलच्या राहीबाईला घाई नडली, दुसरं काही नाही. तिच्या दहा वर्षांच्या आवडीच्या उजव्या हातावर तीन चामखिळी होत्या, मटकीच्या दाण्याएवढ्या. दुखत नव्हत्या, खुपत नव्हत्या. पण शिमग्यानंतर बिरवाडीहून पाहुणे पोरीला बघायला यायचे होते, आणि मेल्या पाहुण्यांची नजर आधी हातावरच जाते.

शेजारच्या चंद्राबाईने सगळा गाव करायचा तोच उपाय सांगितला. घोड्याच्या शेपटीचा केस चामखिळीच्या मुळाशी करकचून बांधायचा, म्हणजे ती वाळून गळते. राहीबाई महाडला गेली, टांग्याच्या अड्ड्यावर लिदीत पडलेले दोन-तीन केस उचलले आणि पदराला पुसून घरी आणले.

"आये, ठणकतंय गो," आवडी दुसऱ्या दिवशी म्हणाली.

"सोस जरा. पावन्यांनी नाक मुरडलेलं चालंल काय?"

पोर सोसत राहिली. गुणाची होती, हेच तिचं चुकलं. केस मांसात रुतला, चामखिळी गळल्या, जखमा राहिल्या. आठव्या दिवशी तिला तोंड उघडेना.

डोलीतून महाडला नेली. डॉक्टरांनी हातावरच्या जखमा पाहिल्या आणि राहीबाईकडून केसाची सगळी हकिगत काढून घेतली.

"धनुर्वात आहे, बाई. लिदीतली घाण जखमेत गेली. अहो, चामखीळ नखलली नाही, कापली नाही, तर वर्ष-दोन वर्षांत बहुतेक आपली आपण जाते."

तिसऱ्या दिवशी आवडी गेली.

पावसाळ्यात राहीबाईच्या अंगठ्यावर दोन बारीक चामखिळी उठल्या. पोरीचा हात रोज तेलाने चोळायची, तेव्हाच लागल्या असणार. चंद्राबाई त्या जाळायला बिब्बा घेऊन धावत आली. राहीबाईने हात पदराखाली लपवला.

"हात नको लावूस. माज्या आवडीच्या हायेत त्या."

ती अंगठा जपायला लागली. भांडी डाव्या हाताने घासायची, निजताना अंगठा गालाशी धरायची. मुंबईहून सुट्टीवर आलेला नवरा सयाजी म्हणाला, हिला वेड लागलंय. लागलंच होतं. का लागू नये?

दीड वर्ष गेलं. एका सकाळी पीठ मळताना अंगठा गुळगुळीत लागला. तिने तो धुतला, दारात जाऊन उजेडात धरला. काही नव्हतं. परत येऊन तिने परातीतलं सगळं पीठ चिमटीचिमटीने चाचपलं. मग ती तिथेच बसली आणि छाती फुटेस्तोवर रडली.

"दीड वरीस," ती रिकाम्या घराला म्हणाली. "नुसतं दीड वरीस थांबायचं व्हतं गो, माजे बाय."