सोमवारचा पाऊस

धर्मराज मास्तरांना बोरजाई गावाची पहिल्या दिवसापासून किळस होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. बी.एस्सी. झालेला माणूस, जालन्यात पक्क्या घरात राहणारा. त्यानं रोज एस.टी.त दीड तास आदळत यायचं आणि शिकवायचं कुणाला? तर मिरगाचा किडा दिसला की पावसाळा लागला म्हणणाऱ्यांच्या पोरांना. शाळेत ते खुर्चीवर आधी स्वतःचा रुमाल अंथरत आणि मग बसत. गावचा चहा घेत, पण कप पुन्हा एकदा स्वतःच्या हातानं विसळून.

शहाऐंशीच्या जूनमध्ये शाळेला सरकारी विज्ञानपेटी आली. तिच्यात पर्जन्यमापक निघाला. जस्ताचा उभा डबा, वर नरसाळं, आत बाटली आणि मोजायला रेघांची काचेची नळी. गेल्या सहा वर्षांत प्रथमच मास्तरांचा चेहरा उजळला. आता ह्या अडाण्यांना कळेल शास्त्र काय असतं, असं ते मोठ्यानं म्हणाले.

पण मुख्याध्यापक आबाराव सरांना नारळाशिवाय काही सुरूच करता येत नसे. फळा आला, नारळ. घंटा बदलली, नारळ. पर्जन्यमापकासाठी त्यांनी शाळेच्या कोपऱ्यावर सिमेंटचा ओटा बांधून घेतला, यंत्राला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि सरपंचाच्या हातून नारळ फोडला. मास्तर बाजूला नाक मुरडून उभे होते. एवढं करून प्रसाद वाटला तेव्हा त्यांनी हात मागं घेतला.

रोज सकाळी आठला पाणी मोजून वहीत लिहायचं काम त्यांनी आठवीतल्या आसराला दिलं. पोरगी हुशार होती म्हणून दिलं असं कुणी समजू नये. तिचं घर शाळेला लागून होतं, आणि बाप मेंढरं राखायचा. "ह्यांना पहाटे उठायची सवय असते," मास्तर आबाराव सरांना म्हणाले, "बाकी डोक्याचं काम नाहीच ते."

वर्गात मात्र त्यांनी बजावून सांगितलं, "डोळे फसवतात, मन फसवतं, यंत्र फसवत नाही. आकडा दिसेल तो लिहायचा. अक्कल चालवायची नाही."

पाऊस जून-जुलैत चार दिवस आला आणि जो गेला तो गेलाच. श्रावण लागला तरी विहिरींचा तळ दिसत होता. बाया दोन कोसांवरच्या नाल्यात वाळू उकरून केलेल्या झिऱ्यावरून पाणी आणायला लागल्या. एका खेपेला अर्धा दिवस जायचा, आणि घागर भरायला वाटीनं पाणी उपसावं लागायचं.

त्यातच झुंबरबाईनं सोळा सोमवार धरले. झुंबरबाई म्हणजे गावात शब्दाला वजन असलेली बाई. ती उठली की मागं वीस बाया उठायच्या. पहिल्या सोमवारी महादेवाला पाणी घालून परत येताना ती शाळेच्या कोपऱ्यावर थबकली. हळद लागलेली, नारळ फुटलेला, डबा ओट्यावर बसवलेला. शिवाय पावसाचं यंत्र. "ह्येला कोरडं ठिवून पाऊस कुठून यावा?" ती म्हणाली, आणि तांब्यातलं उरलेलं पाणी पळीनं नरसाळ्यात सोडलं. पळीभरच, कारण त्याहून जास्त द्यायला कुणाकडंच नव्हतं. मागच्या वीस बायांनी एकेक पळी सोडली आणि हात जोडले.

आठ वाजता आसरानं नळीत पाणी ओतलं. बावीस मिलिमीटर भरलं.

मास्तर सोमवारी कधीच वेळेवर येत नसत. रविवारच्या सुट्टीनंतर ते अकराच्या गाडीनं उतरत. आसरा वही घेऊन फाटकातच उभी होती.

"सर, आजचा पाऊस खरा न्हाई."

"पाऊस खरा-खोटा असतो का गं?"

"आभाळ कोरडं होतं सर. त्या बाया..."

"बायांचं मला सांगू नको." मास्तरांनी वही ओढून घेतली. "यंत्रात किती होतं?"

"बावीस."

"मग बावीस लिही. रात्री पावसाची सर येऊन गेली असेल, तुम्ही घोरत असाल. शास्त्राला तुमच्या घरातल्या गप्पा लागत नाहीत."

आसरानं बावीस लिहिलं. पुढच्या सोमवारी चोवीस. नंतर वीस, परत बावीस. दुष्काळ कडक होत गेला तरी बायांच्या पळ्या चुकल्या नाहीत. मास्तर दर महिनाअखेर पानाखाली लफ्फेदार सही ठोकत. आठवड्याच्या आठवड्याला नेमानं पाऊस पडतो, हा एक शोधच आहे, असंही त्यांच्या मनात येऊ लागलं. सोमवारी आठ वाजता शाळेत कधी पाऊलच टाकलं नाही तर असे शोध लागायला काय उशीर!

आसरानं मात्र एक दुसरी वही सुरू केली. सोमवारी ती बाया यायच्या आधी, दिवस उगवताना एकदा मोजायची, आणि बाया गेल्यावर आठला पुन्हा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मास्तरांनी तर नाहीच नाही.

डिसेंबरात पुंजाराम तलाठी शाळेत आला. टँकर मागणाऱ्या गावांची फाईल तालुक्याला जायची होती, आणि शाळेत यंत्र असल्यामुळं बोरजाईच्या पावसाचा आकडा शाळेनं सहीनिशी द्यायचा होता. मास्तरांनी बेरीज केली. सहाशे चाळीस.

"एवढा पडला व्हय, मास्तर?" तलाठ्यानं डोकं खाजवलं. "गावात तर प्यायला पाणी न्हाई."

"गाव काय, रडतच असतं. यंत्र खोटं बोलत नाही."

"बघा बुवा. एवढा पाऊस दाखिवला तर टँकर बिलकुल भेटत न्हाई. फाईल सोमवारी अकराच्या गाडीनं चाल्ली." मास्तरांनी सही करून कागद त्याच्यापुढं सरकवला.

मधल्या शनिवारी अंबडला विज्ञान प्रदर्शन होतं. थर्माकोलचे ज्वालामुखी आणि बल्ब लावलेल्या सूर्यमाला ह्यांच्या गर्दीत बोरजाईचा तक्ता टांगला होता: 'विद्यार्थ्यांनी केलेला पावसाचा अभ्यास'. त्यावर मास्तरांचं नाव आसराच्या नावाच्या दुप्पट मोठं. औरंगाबादहून आलेले एक म्हातारे प्राध्यापक परीक्षक होते. ते तक्त्यापुढं बराच वेळ उभे राहिले.

"बाळ, हा पाऊस सोमवारीच कसा पडतो?"

आसरानं मास्तरांकडं पाहिलं. मग सरळ सांगितलं, "पडत न्हाई, सर. बाया घालत्यात. सोळा सोमवार होते." आणि तिनं पिशवीतून दुसरी वही काढली. "खरा पाऊस ह्याच्यात हाये. दोनशे अठ्ठ्याऐंशी."

आजूबाजूचे मास्तर खो-खो हसले. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी वहीचं पान अन् पान पाहिलं आणि ते धर्मराज मास्तरांकडं वळले. "मार्गदर्शक तुम्ही. कुठली वही खरी, तुम्ही सांगा."

मास्तरांना त्या घटकेला सगळं कळलं. सोमवार, ओटा, हळद, बाया, आणि तलाठ्याला दिलेला कागद. खरं बोलायला फार तर दोन वाक्यं लागली असती. पण हसणारी तोंडं समोर होती, आणि सहा वर्षं ज्यांना अडाणी म्हटलं त्यांच्या पळीनं आपण भिजलो हे चारचौघांत कबूल करायचं म्हणजे मास्तरांना मरण वाटलं.

"मेंढपाळाची पोर आहे, साहेब," ते हसून म्हणाले. "हौसेनं काहीतरी गिरवलंय. माझी सही असलेली वही खरी."

बाकीच्या परीक्षकांच्या मतानं तक्त्याला दुसरा नंबर मिळाला. परतीच्या गाडीत ढाल मास्तरांच्या मांडीवर होती. आसरा पुढच्या सीटवर बसली होती आणि तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

सोमवारी आबाराव सरांनी ढालीचा सत्कार ठेवला, म्हणून मास्तर मुक्कामालाच राहिले आणि पहिल्यांदाच सकाळी आठला शाळेत हजर झाले. कोपऱ्यावर गर्दी होती. यंत्राला बक्षीस मिळालं म्हणजे ते पावतं, असं गावानं ठरवलं होतं, आणि झुंबरबाईनं पुन्हा सोमवार धरले होते. ओठ फुटलेल्या, झिऱ्यावरून आलेल्या बाया तांब्याच्या तळाशी पळी खरवडून नरसाळ्यात पाणी सोडत होत्या. ते पाणी मास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांनी आत जाताना पाहिलं.

"आता टँकर येईन ना हो, मास्तर?" झुंबरबाईनं विचारलं.

पुंजाराम तलाठी फाईल काखेत घेऊन सत्काराच्या पेढ्यासाठी थांबला होता. तो खाली बघायला लागला. आसरा वही घेऊन पुढं आली.

"सर, आज किती लिहू?"

मास्तरांनी हातातली ढाल सावरली. आणि ते म्हणाले, "यंत्रात असेल तेवढं लिही."

आसरानं बाटली बाहेर काढली आणि त्यातलं पाणी सगळ्यांदेखत झुंबरबाईच्या तांब्यात परत ओतलं. मग वहीत शून्य लिहिलं. "मावशे, तुमी घातलेलं पाणी पाऊस म्हणून तालुक्याला चाल्लंय. सोळा सोमवारचं. म्हणून टँकर भेटत न्हाई."

झुंबरबाईनं तांब्यात पाहिलं, मग तलाठ्याकडं. "खरंय का, रे?"

"खरं असंल तर आकडा बदलता येतो," तलाठी चाचरला. "पण मास्तरची सही लागती. न्हाईतर पाणी घालणाऱ्यानं तसं लिहून द्यावं लागतं."

सगळ्यांनी मास्तरांकडं पाहिलं. त्यांनी खिशातला पेन चाचपला आणि हात तिथंच ठेवला. "चौकशी करून बघू," ते म्हणाले.

झुंबरबाईनं पुढचं ऐकलंच नाही. ती ओट्यावर टेकली, आणि आसरानं दुसरी वही तिच्यापुढं उघडली. "लिही पोरी. म्हणावं, पाणी आमी घातलं. पाऊस न्हाई पडला. पुंजाराम, काढ तुझी शाई."

तलाठ्यानं पिशवीतून शाईची डबी काढली. आसरानं दोन ओळी लिहिल्या आणि मोठ्यानं वाचून दाखवल्या. पहिला अंगठा झुंबरबाईचा उमटला. मागं बायांची रांग लागली, घागरी खाली ठेवून, पदराला बोटं पुसत. मास्तर ढाल हातात धरून मधेच उभे होते. त्यांना ना कुणी शिवी दिली, ना कुणी जाब विचारला.

आठवी-नववी बाई अंगठा द्यायला वाकली तेव्हा वहीवर सावली पडली. झुंबरबाईनं मान वर करून पाहिलं.

"सरका मास्तर," ती म्हणाली, "उजेड अडवू राह्यले."