आधी माझं साल बघा

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड औषधकोश आहे आणि सध्या कुलुपात आहे. गुन्हा काही केला नाही. फक्त वय झालं.

छापखान्यातून इस्पितळाच्या ग्रंथालयात आलो, तेव्हा मी कोरा करकरीत होतो. मला खिडकीजवळची जागा मिळाली. कोणतं औषध कुणाला किती द्यायचं, हे मला तोंडपाठ होतं. तसं ते माझ्यावर छापलेलंच होतं म्हणा. डॉक्टर धावत यायचे, बोट ओलं करून पानं उलटायचे. लहान मुलांच्या तापाचं पान तर इतक्या वेळा उघडलं गेलं, की मला नुसतं टेबलावर ठेवलं तरी मी तिथंच उघडायचो. त्या ओल्या बोटांची मला अजून आठवण येते. सवय घाणेरडीच, तसं माझ्याच एका पानावर लिहिलं आहे.

मग माझी धाकटी बहीण, म्हणजे नवी आवृत्ती आली. ग्रंथपालकाकांनी माझ्या पहिल्या पानावर 'कालबाह्य' असा लाल शिक्का मारला. बहिणीला डाग लागू नये म्हणून तिला कपाटात कुलूपबंद केलं आणि मला संगणकाच्या पडद्याखाली सरकवलं. वैद्यकशास्त्रातलं माझं योगदान आता चार बोटं उंचीचं उरलं. माझ्या डोक्यावर लोक दिवसभर माहिती शोधत. मला मात्र कुणी उघडत नसे.

एका दुपारी संगणक बंद पडला. बालविभागातली तरुण डॉक्टर धापा टाकत आली. तिनं मला खसकन ओढलं. पडदा धपकन खाली बसला.

"अहो ताई, मोडेल ना तो!" काका ओरडले.

"मोडू दे! चालतोय कुठं? तिकडे पोरगी तापानं फणफणलीय, मला डोस हवाय!"

मी आपसूक त्या पानावर उघडलो. किती वर्षांनी! तिचं बोट माझ्या ओळींवरून फिरलं. वाटलं, हिनं असंच वाचत राहावं. पण तिनं आकडा तळहातावर लिहिला आणि ती दाराकडे पळाली.

मी गारठलो. तो डोस नंतर निम्म्यावर आणला होता. डॉक्टरांनी माझ्या डोक्यावरच्या पडद्यासमोर बसूनच त्याची चर्चा केली होती. पण मी सांगणार कसा? माझ्याकडे शब्द ढीगभर, आवाज एकही नाही.

दारात ती थबकली. "साल बघायचं राहिलं," पुटपुटत परत आली. पहिलं पान उघडलं. लाल शिक्का.

"काका, नवी आवृत्ती कुठंय?"

"कपाटात. हाताळून खराब होते हो."

"आणि पोरीला काही झालं तर? काढा आधी!"

काका धावले. काकांना धावता येतं, हे इस्पितळाला तेव्हा कळलं. डॉक्टरनं तळहात खसाखसा पुसला आणि बहिणीचा आकडा लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती हसत आली. "पोरगी बरी आहे. तिनं मला तिची बाहुलीसुद्धा तपासायला लावली. आणि काका, ते कुलूप नव्याला नको, जुन्याला लावा."

तेव्हापासून बहीण खिडकीजवळ असते. पडद्याखाली माझ्या जागी तक्रारपेटी दाबून बसवली आहे. इस्पितळाबद्दल एकही तक्रार आलेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी भेटला, कागदावरचा असो की पडद्यावरचा, तर त्याचं ऐकण्याआधी त्याचं साल बघा. जुना निघाला तर खुशाल मिटा. आम्ही रागावत नाही. इथं अंधारात मी अजूनही त्याच पानावर उघडायला बघतो. पण कपाट फार अरुंद आहे.