दुरडीतली अर्धी भाकरी

परातीवर हात आपटला. शेजारच्या खोलीत पेशींचे भाग घोकणाऱ्या पोरांचा आवाज थांबला. एकजण म्हणाला, "अक्का हाणून राहिली बग भाकरीला." मग घोकणं पुन्हा सुरू झालं.

*

सराव परीक्षेत मागं पडलेल्यानं पुढं गेलेल्याच्या भुवईवर स्टीलचा पेला मारला. रक्त वरणाच्या पातेल्यात पडलं. सगळं वरण मोरीत ओतावं लागलं.

*

वजनकाट्यावर उभं राहताना शिवकांतानं डोळे मिटून घेतले.

*

किल्लारीत कोसळलेल्या माळवदाच्या ढिगाऱ्यातून एक हात कोपरापर्यंत वर आलेला होता. हिरव्या बांगड्या सगळ्या शाबूत.

*

सिंधुच्या उजव्या मनगटावर चंद्रकोरीसारखा व्रण आहे. विचारणाऱ्याला ती सांगते, तवा लागला.

*

दुरडीत, फडक्याखाली, अर्धी भाकरी.

*

तर आधी तो वजनकाटा.

शिवकांताचा डावा गुडघा चैत्रापासून सुजलेला होता. तिनं त्याला शेक दिला, लेप दिला, शिव्याही दिल्या. पण एके दिवशी भाकऱ्या करून उठताना गुडघ्यानं तिला शेगडीवरच ढकललं आणि पदर पेटता पेटता राहिला. तेव्हा तिची धाकटी जाऊ सिंधु तिला पुढच्या गल्लीत नाझनीन डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस झाले होते, प्रत्येक भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो हसत होते आणि त्या फोटोंच्या खालून दोघी जावा हळूहळू चालत गेल्या, एक रुंद, एक काडीसारखी.

"मावशी, खाता किती?" काट्यावरचा आकडा वाचून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन भाकऱ्या. गळ्यात इष्टलिंग हाय, खोटं बोलत न्हाई."

"आणि मेस आटपल्यावर?"

सिंधु जमिनीकडं बघू लागली.

"उरलेलं असतंय बाई," शिवकांता शेवटी म्हणाली. "टाकायचं का मग?"

"म्हणजे तुमचं पोट हे मेसमधलं शेवटचं पातेलं." डॉक्टरीणबाई हसल्या, मग गुडघा दाबून बघितला आणि हसायच्या थांबल्या. "पाच किलो कमी करा. पंधरा सांगत नाही. पण पाच झाले नाहीत, तर मांडी घालून बसायचं विसरा."

मांडी विसरणं म्हणजे भाकरी विसरणं. आणि दोघींची ही मेस भाकरीवरच चालायची. उदगीर, निलंगा, मुदखेडहून आलेल्या आया पोराला खोलीत टाकून जाताना सगळ्या मेस बघायच्या आणि इथं थांबायच्या, ते शिवकांताच्या हातची ज्वारीची भाकरी बघूनच. सिंधुला भाकरी थापता येत नव्हती. उजव्या मनगटात जोर नव्हता.

"उपाशी मरू का मग?"

"अजिबात नाही. उपाशी राहाल तर चौथ्या दिवशी दुप्पट खाल. अर्धी भाकरी कमी करा. ताट लहान घ्या. आधी काकडी, मुळा, मग भाकरी. दिवस मावळायच्या आत जेवा. आणि सावकाश." त्यांनी सिंधुकडं बोट केलं. "ह्या कशा जेवतात? मी बघितलंय तुमच्या मेसमध्ये. दोन घासांच्या मधे श्वास घेतात. ह्यांच्याकडं बघून जेवा. ह्यांनी घास घेतला की तुम्ही घ्यायचा."

"ही? ही चिमणी हाय."

"मग तुम्ही पण चिमणी व्हा थोडी."

सिंधुनं मनगटावर पदर ओढून घेतला.

*

शिवकांता कशी जेवायची, हे पोरांनी एकदा चोरून बघितलं होतं आणि मग आठवडाभर त्याची नक्कल करून एकमेकांना हसवलं होतं. डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा. मान खाली. भाकरी मोडायची म्हणजे मुरगळायची. घास चावायच्या आधी दुसरा घास बोटांत तयार. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटांनी ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. हे तर घरातल्या सगळ्यांनाच लहानपणापासून शिकवलेलं, ताटात पडलं तो प्रसाद, एक शीत मागं ठेवायचं नाही. पण शिवकांतानं तो नियम ताटाच्या बाहेर नेला होता. पातेलं, कढई, दुरडी, सगळंच तिला ताट. फडक्याखालची अर्धी भाकरी ती रोज शेवटी, उभ्या उभ्या, दोन घासांत संपवायची. रोज ती तिथं असायचीच, त्यामुळं तिची मोजदाद कधी झाली नाही.

*

त्र्याण्णव साली किल्लारीत, विसर्जनाच्या रात्री, दोघींचे नवरे एका खोलीत झोपले होते. भीमाशंकर थोरला, बसवंत धाकटा. दोघी मागच्या पत्र्याच्या पडवीत होत्या म्हणून वाचल्या. पहाटे जमिनीनं दात खाल्ले आणि हातभर जाडीच्या दगडी भिंती आत कोसळल्या. दोघींनी नखांनी माती उकरली. शिवकांताची तीन नखं गेली. जो हात वर आलेला होता तो सासूचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुऱ्यांचा ट्रक आला. वरून पाकिटं फेकत होते. माणसं एकमेकांच्या अंगावर चढली, एका म्हाताऱ्याच्या तोंडावर कुणाचा तरी पाय पडला, तो पाय पुन्हा पडला. एक पाकीट समोर आलं आणि त्यावर एक हात होता. शिवकांता वाकली आणि त्या हाताला चावली. हाड दाताला लागेपर्यंत चावली. हात सुटला. पुऱ्या तिनं तिथंच, ट्रकच्या चाकाला टेकून, एकटीनं खाल्ल्या. सिंधु समोर बसली होती, मनगट पदरात गुंडाळून. पदर भिजत होता.

हे दोघींपैकी कुणीच पुन्हा बोललं नाही. भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकत्र राहिल्या, लातुरात एकत्र आल्या, एक खोली, मग दोन, मग मेस. लोक म्हणायचे, सख्ख्या बहिणी अशा राहत नाहीत.

*

डॉक्टरीणबाईंचं शिवकांतानं ऐकलं. भांडून ऐकलं, पण ऐकलं. पोरांची छोटी ताटली घेतली. काकडी कचाकचा चावली, जसं काही तिनंच गुडघा सुजवला होता. आणि स्वतःची दुसरी भाकरी अर्ध्या पिठाचीच थापू लागली, म्हणजे मागं काही राहायला नको.

दुरडीत अर्धी भाकरी राहिलीच.

पहिल्या दिवशी तिनं ती गाईला टाकली. दुसऱ्या दिवशी फडकं उचललं, तर पुन्हा तीच. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं दुरडीला लाथ मारली. दुरडी मोरीपर्यंत घरंगळत गेली.

"कोण अर्धी टाकून राहिलंय रे?" ती पोरांच्या खोलीच्या दारात ओरडली. "इथं काय लग्नाची पंगत हाय का?"

"अक्का, आम्ही सकाळी खातो भाकरी," सोमेश नावाचा पोरगा पुस्तकातून वर न बघता म्हणाला. "रात्री तुम्ही चपाती देता."

खरंच होतं. संध्याकाळची भाकरी फक्त दोघींचीच.

म्हणजे पीठ जास्त होतंय, असं तिनं ठरवलं. हात बसलेला, त्याला अजून नवी सवय नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आख्खी एक भाकरीच कमी केली. स्वतःची दीड. सिंधुची दोनाऐवजी एक. दोघी जेवल्या. ताटं धुऊन प्यायल्या. शिवकांता दुरडी उचलायला गेली.

अर्धी भाकरी.

तिनं फडकं पुन्हा होतं तसं ओढलं.

*

त्यानंतरच्या दिवशी ती खरंच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं जेवायला बसली. ऊन अजून खिडकीत होतं. तिनं ताटाभोवतीचा हात काढून मांडीवर ठेवला. मान वर केली. इतक्या वर्षांत जेवताना तिनं कधी मान वर केली नव्हती.

सिंधुनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला, डोळे मिटले, उघडले. एक भाकरी दोन्ही हातांनी मोडली. घास घ्यायच्या आधी अर्धी उचलून दुरडीत ठेवली, वर फडकं ओढलं, आणि दोन बोटांनी दुरडी शिवकांताच्या गुडघ्याकडं सरकवली. सरकवून हात झटकन मागं घेतला. अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढं तुकडा टाकून माणूस हात मागं घेतो, तसा.

मग ती जेवू लागली. बारीक घास. सावकाश.

"हे काय?" शिवकांता म्हणाली.

"काय?"

"हे. फडक्याखाली."

"उरती ती, अक्का."

"उरती कशी? तुला दोन केल्या तवा अर्धी उरली. एक केली तवा बी अर्धी उरली. अर्धीच केली तर काय उरंल?"

सिंधुनं घास गिळला. "तुमाला लागती."

"डॉक्टरीणबाईनं कमी सांगितलं न्हाई का मला? तू व्हतीस ना तिथं? ऐकलंस ना?"

"डॉक्टरीणबाई आत्ता आली," सिंधु म्हणाली. "अर्धी शेडपासनं हाय."

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. मीठ संपलं असं सांगावं, तसं तिनं सांगितलं. पण शिवकांताच्या कानशिलात काहीतरी फुटलं. तिनं दुरडी ओढली, फडकं भिरकावलं, ती अर्धी भाकरी उचलली आणि दुसऱ्या हातानं सिंधुचं मनगट पकडलं.

"खा!" ती ओरडली. "खा म्हणते ना! माझ्यादेखत खा! जगासमोर चिमणी म्हणून मिरवून राहिली आणि मला..."

ताट उलटलं. आमटी भिंतीवर उडाली. पेला आपटत गेला. सिंधु ओरडली नाही. तिनं हात ओढलाही नाही. तिनं फक्त तोंड भिंतीकडं वळवलं, डोळे घट्ट मिटले आणि हात सैल सोडला. ओढलं की दात आणखी आत जातात, हे त्या हाताला पाठ होतं.

शिवकांताचा अंगठा व्रणावर होता. तिला तो अंगठ्याखाली कळला, वरच्या दातांची ओळ, पुढचे दोन दात थोडे फाकलेले. तिची जीभ आपोआप तिच्या स्वतःच्या पुढच्या दातांवर गेली.

त्या दिवशी ट्रकच्या मागं, वाकायच्या आधी, तिनं सिंधुचा चेहरा बघितला होता.

तिनं मनगट सोडलं.

"अक्का," पलीकडून एका पोराचा आवाज आला, "आज मार खायचा कुणाचा नंबर?" आणि बाकीचे हसले.

शिवकांता गुडघ्यावर हात रोवून उठली. भिंत पुसली. ताट घासलं, पुसलं, सिंधुपुढं ठेवलं. जमिनीवर पडलेले तुकडे एका बाजूला केले. आमटी वाढली. स्वतःच्या ताटलीतली भाकरी उचलून सिंधुच्या ताटात ठेवली, मग ती अर्धी पण. दुरडी मागं, दाराबाहेर, हात पोचणार नाही इतक्या लांब ढकलली. मग समोर येऊन बसली. मांडी घातली, तेव्हा गुडघ्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. तिनं दोन्ही हात पालथे करून मांड्यांखाली सरकवले आणि त्यांवर आपलं सगळं वजन टाकलं.

"जेव," ती म्हणाली. "मी बसते."

सिंधु तिच्या हातांकडं बघत राहिली, म्हणजे हात होते त्या जागेकडं. खिडकीतलं ऊन भिंतीवरच्या ओल्या डागापर्यंत सरकलं. पलीकडं घोकणं सुरू झालं.

मग तिनं भाकरी मोडली. सवयीनं अर्धी उचलली, ती हातातच राहिली. ठेवायला दुरडी नव्हती. तिनं ती ताटाच्या कडेला ठेवली. पहिला घास घेतला. शिवकांताकडं बघितलं. दुसरा घास घेतला.

शिवकांता हलली नाही. फक्त तिचा जबडा सिंधुच्या जबड्याबरोबर हलत राहिला, सावकाश, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसा. तोंडात काही नव्हतं.

कडेला ठेवलेल्या अर्ध्या भाकरीला सिंधुनं हात घातला, तेव्हा दिवस मावळत आला होता.

पुऱ्यांचा तो ट्रक किल्लारीतून परत फिरला, तेव्हा निम्मा भरलेलाच होता.