फोनवरचा कोयता

हरिबानं फोनवर कोयता म्हटलं, तिथंच सगळं नासलं. कोयता नव्हताच. त्याच्या धाकट्या भावाच्या, सिद्धनाथच्या हातात लोकर कातरायची कातर होती आणि मांडीखाली मेंढी.

सिद्धनाथचं डोकं बारा वर्षांपासून अधूनमधून फिरायचं. गोळ्या संपल्या, वाडीवरनं हिर्डोशीला उतरून एसटीनं जाऊन त्या आणायला कुणाला सवड झाली नाही. तीन दिवस तो झोपला नाही, जेवला नाही. मेलेल्या बापाशी बोलत ऐन थंडीत मेंढ्या कातरत बसला. आई, सोजराबाई, म्हणाली, कातरू दे. हात चालला की डोकं निवतं त्याचं, चार मेंढ्या झाल्या की आपसूक निजंल. दर वेळी तसंच व्हायचं. हरिबालाही ते ठाऊक होतं.

पण दुसऱ्या दिवशी त्याच्या पोरीला, आरतीला, बघायला पाहुणे येणार होते. अंगणात वेडा भाऊ नको होता, एवढंच. ते मनाशी कबूल करायची लाज वाटली, म्हणून भावाला दवाखाना पाहिजे असं त्यानं स्वतःलाच पटवलं. ॲम्ब्युलन्सवाल्यानं विचारलं, रक्त आहे का, बेशुद्ध आहे का. नाही म्हटल्यावर थांबा म्हणाला. मग हरिबानं पोलिसांचा एकशेबारा लावला. तिथल्या बाईनं विचारलं, हत्यार आहे का? नुसत्या आजारी माणसासाठी डोंगरात गाडी चढत नाही, हे हरिबाला पक्कं माहीत.

"कोयता हाय," तो म्हणाला. "अंगावर येतोय."

गाडी तासाभरात आली. चोराला, दारुड्याला आणि आजाऱ्याला या मुलखात एकच गाडी, आणि त्या गाडीत औषधही एकच. दोघं पोलीस उतरले ते कोयत्याच्या तयारीनंच. मेंढवाड्यात शिरून ओरडले, खाली टाक. सिद्धनाथनं कातर टाकली नाही; मेंढीला लागेल म्हणून वर धरली. काठी मनगटावर बसली. हाड मोडलेलं हरिबानं कुंपणापाशी उभं राहून ऐकलं. "कातर हाय, सायेब," हे त्याच्या तोंडातनं निघेस्तोवर दुसरी काठी बसून गेली होती.

पाहुणे आलेच नाहीत. पोलीस आल्याची बातमी ते निघायच्या आधीच त्यांच्या गावात पोचली होती.

ती मेंढी आठ दिवस तशीच हिंडली. एक अंग गुबगुबीत, दुसरं उघडं, कुडकुडणारं. सोजराबाईनं दोनदा सांगूनही हरिबाचा हात कातरीला लागला नाही. म्हातारी रोज पोलिसांचं तळपट व्हवो म्हणायची आणि हा खाली मान घालून भाकरी मोडायचा. आईचा एकेक शब्द नेमका कुणाला लागतोय ते त्याला कळत होतं. तरी गिळत होता.

नवव्या दिवशी ठाण्यात जबाबाला बोलावलं. सिद्धनाथवर सरकारी कामात अडथळा आणल्याची केस झाली होती. तो दवाखान्यात, एका हाताला प्लॅस्टर, दुसरा बेडीनं खाटेला अडकवलेला. येईल त्याला विचारत होता, मेंढीला थंडी वाजत असंल का.

टेबलावर पुराव्याची चिठ्ठी बांधलेला कोयता होता. हरिबानं ओळखला. घरच्या भिंतीवरनं उचलून आणलेला, मुठीला तार त्यानंच गुंडाळलेली. सिद्धनाथच्या हातात हाच कोयता होता, असा आधीच लिहिलेला जबाबाचा कागद हवालदारानं पुढं सरकवला आणि हलक्या आवाजात समजावलं, की फोन टेप झालेला आहे, सही केली तर तुमचं मिटलं, नाहीतर खोटी खबर दिली म्हणून तुमच्यावरच येईल.

"आमाला तरी काय शिकवलंय, हरिबा? कोयता म्हनलं की काठी."

तेवढ्यात सोजराबाई आत आली. फडक्यातली कातर सोडून तिनं कोयत्याशेजारी ठेवली.

"ही हुती माज्या लेकाच्या हातात. कोयत्याचं कुभांड ज्यानं रचलं, त्याचा हात झडंल."

हवालदार हरिबाकडं बघत राहिला.

"आये, पोलिसांनी न्हाई रचलं," हरिबा म्हणाला. "म्याच सांगितला कोयता."

म्हातारी रडली नाही. तिनं कातर पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि हरिबाच्या मांडीवर ठेवली.

"मेंढी अर्धीच राहिलीया," एवढं म्हणून बाहेर जाऊन बसली.

सहीसाठी हातात घेतलेलं पेन हरिबानं खाली ठेवलं.

"हा कागद खोटा हाय, सायेब. दुसरा घ्या. पोरीला बघायला पाव्हणे येनार हुते, तिथनं लिवा."