दोन फाइलींतली पट्टी

रंजितानं सातव्यांदा बटण दाबलं. डब्याच्या इवल्याशा पडद्यावर ‘काळी एक’ अशी ठसठशीत अक्षरं उमटली, आणि आतला तंबोरा मात्र आपला तिच्याहून उंच पांढरी चारमध्येच झणकारत राहिला.

“दिसते एक अन् वाजते दुसरंच,” ओट्यावर बसलेले तिचे वडील किसनसिंग म्हणाले. “माया गळ्यासारखंच हाय हे. मन म्हणते वर जा, गळा म्हणते बस खाली.”

“बा, थट्टा नका करू ना. दुपार झाली.”

संध्याकाळी बोरी अरब गावी कीर्तन होतं. गळ्याच्या ऑपरेशननंतरचं बांचं पहिलंच. चाळीस वर्षं पांढरी चारमध्ये गायलेला हा माणूस, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, वर ताणाल तर आहे तोही आवाज जाईल. पेटीवाले देवसिंगकाका मुलाकडं उमरखेडला राहायला गेलेले. मोबाईलवरचा तंबोरा बांना खपत नाही, ऐन रंगात आलेल्या आख्यानात फोन वाजतो म्हणून. तेव्हा यवतमाळला पॉलिटेक्निकात शिकवणाऱ्या रंजितानंच हा डबा केला होता, आतला प्रोग्राम सी भाषेत लिहून.

प्रोग्रामच्या दोन फाइली होत्या. एकीत बटणांचं काम, म्हणजे बटण दाबलं की ‘पट्टी’ नावाच्या व्हेरिएबलमधला आकडा बदलायचा आणि पडद्यावर दाखवायचा. दुसरीनं तोच आकडा वाचून सूर काढायचा. दोघींना पट्टी ठाऊक असावी म्हणून रंजितानं ती एका सामाईक हेडर फाइलीत लिहिली होती आणि ती दोन्हीकडं जोडली होती. आधी कंप्युटरची तक्रार आली होती, एकच नाव दोनदा येतंय म्हणून. इंटरनेटवर कुणीतरी सांगितलं होतं की नावाआधी ‘स्टॅटिक’ लिहा. तिनं लिहिलं, तक्रार मिटली, आणि तिनं देवाचे आभार मानले. आता बिचारा देव तरी काय करणार? नाव तेच, फाइल तीच, चूक एकही दिसेना. तरी बटणाकडं एक आकडा आणि सुराकडं दुसरा. तिला वाटलं, आपलंच डोकं फिरलं.

तेवढ्यात टाळ घेऊन पूनमसिंगकाका आले. त्यांच्या मागून जमनीकाकू. दोघं बांच्या मागं उभं राहून साथ धरणारे, जुने.

“डबा नसला तर नसला,” काका म्हणाले. “चला, एकदा म्हणून पाहू.”

बांनी सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला ते सावकाश खाली उतरले, आणि काका-काकू नेहमीसारखे उंच चढले. बा थांबले.

“काहून ओरडून राह्यले? ती ओळ म्या बदलवली ना! वर चढाचंच नाई तिथं.”

“कवा बदलवली?”

“दवाखान्यातून आल्यावर. वहीत लिवलं म्या.”

“तुमच्या वहीत लिवलं बावा,” जमनीकाकू फणकारल्या. “आमच्या वह्या कायले आपोआप बदलतीन?”

“पन तुमी मायाच वहीवरून उतरवल्या ना?”

“उतरवल्या ना, वीस वर्षं झाले!”

रंजिताचा हात बटणावर तसाच राहिला. कुणीच चुकलं नव्हतं. तिघांचं भजन तेच होतं, फक्त तीन वेगळ्या वह्यांत.

ती लॅपटॉपवर वाकली. ‘स्टॅटिक’नं तक्रार मिटवली ती अशी, दोन्ही फाइलींना पट्टीची वेगवेगळी प्रत उतरवून देऊन! बटण आपल्या प्रतीत खाडाखोड करत होतं आणि सुराला त्याची वार्ताही नव्हती. तिनं हेडरमधला तो शब्द खोडून ‘एक्स्टर्न’ लिहिलं. म्हणजे इथं फक्त सांगायचं, पट्टी आहे, पण दुसरीकडं. मग खरी पट्टी बटणांच्या फाइलीत, एकदाच.

“काय केलं वं?” बांनी विचारलं.

“एक वही ठेवली, बा. दुसऱ्यानं तिच्यातच पाहायचं.”

“मले नाई समजलं.”

“मलाही आत्ताच समजलं.”

प्रोग्राम पुन्हा डब्यात भरला आणि तिनं भीत भीत बटण दाबलं. तंबोऱ्याचा सूर खाली, काळी एकवर आला. बांनी डोळे मिटून षड्ज लावला. सुरुवातीला तो थरथरला, मग स्थिरावला.

पूनमसिंगकाकांनी आपली वही पिशवीत टाकली आणि सरकून बांच्या खांद्याला खांदा लावला.

“चश्मा लाव,” बा म्हणाले. “मायं अक्षर बारीक हाय.”