आत्याचं टोपडं

मुलांनो, डोळे मिटा आणि एक पांढरा मुलूख मनात आणा. झाड नाही, घर नाही, कारखाना तर नाहीच नाही. नुसता बर्फ, आणि वाऱ्याला पाठ करून उभे राहिलेले पेंग्विन. तो अंटार्क्टिका. भिवंडीतल्या नारपोलीत राहणाऱ्या पूर्वी नावाच्या मुलीची विनिताआत्या तिथला बर्फ तपासायला दुसऱ्यांदा निघाली होती, आणि निघण्याआधी भावाकडे जेवायला आली होती.

दहा वर्षांच्या पूर्वीने तिच्यासाठी टोपडं शिवून ठेवलं होतं. कापड बाबांच्या ओळखीच्या कारखान्यातलं, निळंशार, पाणी न धरणारं.

"बघ हं आत्या!" पूर्वीने टोपड्यावर तांब्या उपडा केला. पाण्याचे मणी घरंगळले. कापड ठणठणीत कोरडं!

"अळूचं पानच गो!" पुतळाबाई आजी हरखली.

आत्याने टाक्यांवरून बोट फिरवलं. "किती सुबक शिवलंयस! पण बाय, बर्फ गोळा करताना मला हे घालता येणार नाही."

पूर्वीचा चेहरा पडला. "का? थंडीत भिजशील ना!"

"अळूचं पान कुजतं, त्याची माती होते. या कापडावर बहुतेक फ्लोरिनच्या रसायनाचा लेप आहे. तो कुजत नाही. धुण्यातून निघतो, नदीला लागतो, समुद्रात जातो, वाऱ्यावर चढतो. पेंग्विनच्या रक्तातसुद्धा अशी रसायनं सापडलीत."

"आपल्या भिवंडीतली?"

"कुठली म्हणून सांगू? साऱ्या जगात वापरतात. तिथवर किती पोचलीत, तेच मोजायला जातेय. आणि माझ्याच डोक्यावरून एखादा कण बर्फात पडला तर? बर्फाऐवजी मी माझी टोपीच मोजून येईन!"

"मंग तू घालतीस तरी काय?" आजीने विचारलं.

"आत लोकर, वरून जुनं सुती कापड. धुऊन धुऊन मऊ झालेलं. हाताला क्रीमसुद्धा लावत नाही. आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे माझ्या अंगावरचं काही समोरच्या बर्फावर उडत नाही."

"तोंड गारठत नाही?" पूर्वीने विचारलं.

"गारठतं की! नाक आहे की गेलं, ते चाचपून बघावं लागतं."

आजी खो खो हसली. पूर्वी मात्र आत्याकडे बघतच राहिली. एवढ्या लांब जायचं, बोचरा वारा तोंडावर घ्यायचा, आणि कशासाठी? तर बर्फाने खरं तेच सांगावं म्हणून! रुसवा कुठे विरला, तिचं तिलाच कळलं नाही.

"आजी, तुझं ते फाटकं लुगडं कुठंय?"

"त्याची गोधडी करायची हाय."

"गोधडीला दुसरं घे ना!"

"घे बाय, घे. धुऊन धुऊन रंगबी राह्यला न्हाय त्याला."

पूर्वीने निळं टोपडं लांब पडवीत नेऊन ठेवलं. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, लुगडं अंथरलं, आणि आत्याच्या डोक्याचं माप घ्यायला स्टुलावर चढली.